गारेचा मणी, गुंजेचं वजन

पोरांनो, सापगावच्या पुलापाशी भातसेच्या काठावर तुम्ही जे खडे वेचता, ते आईने फेकायला लावायच्या आत एकदा माझ्याकडे आणत जा. बहुतेक काळे गोटेच असतील, आपला नेहमीचा कातळ. पण मधूनच एखादा खडा दुधी, मेणचट निघतो. उन्हासमोर धरला तर त्याच्या कडांतून उजेड झिरपतो. सुरीने ओरखडा काढायला जा, खड्यावर पोलादाचीच रेघ उमटेल, त्याला काही होणार नाही. असा खडा फुटलेला मिळाला तर आत पट्टे दिसतात. पांढरा, राखी, पिवळट, पुन्हा पांढरा. आपण त्याला गार म्हणतो. मणी करणारे त्याला अकीक म्हणतात. माणसाने गळ्यात घातलेल्या अगदी जुन्या दगडांपैकी तो एक आहे.

तो इथे आला कुठून? कुठूनच नाही, तो इथेच जन्मला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे माहुलीचा डोंगर नव्हता, भातसा नव्हती, काळू नव्हती. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून वितळलेल्या दगडाचा रस वर आला. तो पसरला, निवला, त्यावर दुसरा रस आला, मग तिसरा. असे थरांवर थर साचले. आज एवढी झीज होऊनही ते जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीत त्यांची जाडी 2 किलोमीटरच्या पुढे जाते. माहुलीचे ते सुळके, ज्यांना आपण नवरा, नवरी आणि भटजी म्हणतो, तेही याच थरांतून कोरून निघालेले.

त्या रसात वायू कोंडलेला होता. वर येताना तो सुटायला लागला आणि आंबोळीला जाळी पडते तशी निवणाऱ्या दगडाला वरच्या अंगाला जाळी पडली. कुठे मोहरीएवढी पोकळी, कुठे नारळाएवढी, तर कुठे माणूस आत बसेल एवढी. पुढे लाखो वर्षं या पोकळ्यांतून कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं. वाळू ज्या द्रव्याची असते त्याला सिलिका म्हणतात, आणि गरम पाण्यात ती अगदी थोडी विरघळते. पाणी पोकळीत शिरलं, की आतल्या भिंतीवर सिलिकेचा पातळ पापुद्रा बसायचा. मग त्यावर दुसरा. पाण्यात जरा लोखंड असलं तर तो पापुद्रा पिवळा-तांबूस, नसलं तर पांढरा. तुमच्या हातातल्या गारेतला एकेक पट्टा म्हणजे त्या पाण्याने मागे ठेवलेली एकेक नोंद आहे. शेवटी पाण्यातली सिलिका फारच कमी उरली, की पट्टे थांबायचे आणि मधल्या जागेत सहा बाजूंचे स्वच्छ स्फटिक सावकाश वाढायचे. म्हणून काही गारगोट्या बाहेरून ओबडधोबड दिसतात आणि फोडल्या की आत लखलखतात.

थोरलीने विचारलंय की हिरव्या आणि गुलाबी रंगाचे स्फटिक बाजारात मिळतात, ते कुठले? तेही बरेचसे आपल्याच कातळातले. कसाऱ्याचा थळ घाट आणि खंडाळ्याचा बोर घाट फोडून आगगाडी वर नेली, ते काम 1860च्या आसपासचं. बोर घाटातल्या बोगद्यांतून तेव्हा असे देखणे स्फटिक निघाले, की ते विलायतेतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. सिन्नरला गारगोटी नावाचं एक संग्रहालयच आहे, तिथे ते काचेआड मांडलेले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आपण जाऊ. आता हे स्फटिक उशाशी ठेवले तर झोप लागते, गळ्यात घातले तर मन शांत होतं, असं सांगून विकले जातात. झोप लागत असेल तर लागो. पण त्या स्फटिकाने कुणाचा आजार हटवल्याचा पुरावा नाही, आणि तो घडायला किती काळ लागला हे विकणारा कधी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता ही गार इथून कुठे जायची, ते बघायला मुरबाडच्या वाटेकडे या. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागतं. तिथून उजवीकडे डोंगरात जी खाच दिसते, तो नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजांच्या काळात कल्याणच्या बंदरातून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायची ही मोठी वाट होती. घाटाच्या माथ्यावरल्या गुहेत नागनिका राणीचा लेख ब्राह्मी अक्षरांत कोरलेला आहे. यज्ञांत किती गाई दिल्या, किती घोडे, किती नाणी, त्यांचे आकडे तिथे आहेत. भारतात कोरलेल्या सगळ्यांत जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते. बाहेर दगडाचा भलामोठा रांजण आहे, त्यात जकात टाकत असत असं सांगतात.

या वाटेवरून बैल काय वाहत असतील? त्या काळी इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्राचं वर्णन लिहून ठेवलंय. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण वही टिकली. पेरिप्लस म्हणतात तिला. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, पैठण आणि तेर आहेत. पैठणहून गाड्या भरभरून पट्ट्यांचा अकीक भडोचच्या बंदराला जातो, असं त्याने लिहिलंय. म्हणजे आपल्या कातळातली गार रोमच्या माणसाच्या अंगठीत जाऊन बसत होती. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंसाठी दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत कल्याणचा सोनार आहे आणि सोपाऱ्याचा मणिकारही आहे. मणी करणं हा तेव्हा पोटाचा मोठा धंदा होता, आणि त्यातून दान देण्याएवढं उरतही होतं.

लाल अकीक तुम्ही पाहिलाय, मुसलमान फकिरांच्या अंगठीत असतो तो. खाणीतून निघतो तेव्हा तो फारसा लाल नसतो, मातकट पिवळा असतो. कारागीर तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत घालून गोवऱ्यांच्या मंद आगीत रात्रभर भाजतात. त्यातल्या लोखंडाला चिकटलेलं पाणी उडून जातं आणि मातकट रंगाचा लाल होतो. विटेचंही असंच होतं बघा, माती पिवळट आणि भाजलेली वीट लाल. हे गुपित साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधूकाठच्या लोकांना माहीत होतं. त्यांचे मणी थेट इराकमधल्या ऊर नावाच्या शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले. आणि भोक पाडायचं कसं? लोखंड तर तेव्हा नव्हतंच. एका फार कठीण दगडाची बारीक सळई करून, पाणी घालत, कमानीने फिरवत भोक पाडायचे. संशोधकांनी तसं करून पाहिलं, तर तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर आत गेलं. बोटाएवढ्या लांब मण्याला दिवसांमागून दिवस.

लाल अकीक अंगावर असला तर जखमेचं रक्त थांबतं, राग उतरतो, अशी समजूत अरबस्तानापासून आपल्यापर्यंत सगळीकडे आहे. तिची मुळं शोधायला लांब जायला नको. दगड रक्ताच्या रंगाचा, म्हणून रक्त त्याचं ऐकणार. पिवळा दगड काविळीला, डोळ्यासारखा दिसणारा दगड दृष्टीला. जगभर माणसाने असाच विचार केला. दिसायला सारखं, म्हणजे नातं असणार. तो विचार वेडेपणाचा नव्हता, औषध शोधण्याची ती पहिली खटपट होती. फक्त त्या माणसांनी पुढची पायरी गाठली नाही. दहा जणांना दगड बांधून, दहा जणांना न बांधता काय होतं ते मोजलं नाही.

या दगडाबद्दल एक गोष्ट मात्र मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे. गुजरातेत खंभातला आजही अकीक घासून मणी करतात. घासताना उडणारी धूळ इतकी बारीक असते की ती श्वासाबरोबर छातीच्या तळापर्यंत जाते आणि बाहेर येत नाही. फुप्फुस तिच्याभोवती गाठी करतं, गाठी वाढतात, माणसाला चार पावलं चालताना धाप लागते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. तरण्या कारागिरांना होतो, आणि काम घरातच चालतं तिथे बायकापोरांनाही होतो. पाणी सोडत घासलं, धूळ ओढून घेणारा पंखा बसवला, तर तो टळू शकतो. अकीक माणसाला बरं करतो का, हा प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही दुकानात गेलात तर दुसरा प्रश्न विचारा, हा मणी घासला कुणी आणि कसा?

बरं, गार घाटावरून खाली उतरत होती, तर वर काय चढत होतं? पोवळं. त्याच ग्रीक व्यापाऱ्याच्या यादीत पश्चिमेकडून येणाऱ्या मालात पोवळं आहे. प्लिनी नावाच्या रोमन पंडिताने लिहिलंय की आपल्या बायकांना मोत्यांचं जेवढं वेड, तेवढं भारतातल्या माणसांना पोवळ्याचं. ते लाल पोवळं मूळ भूमध्य समुद्रातलं. ते ना दगड, ना झाड. आठ हातांचे, तांदळाच्या दाण्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन सगळ्यांचा मिळून एक सांगाडा बांधतात. वर्षभरात त्याची जाडी मिलिमीटरनेही वाढत नाही. आजीच्या अंगठीतलं पोवळं घडायला त्या जिवांच्या कितीतरी पिढ्या गेल्या असतील.

रोमन लोक पोवळ्याची फांदी बाळाच्या गळ्यात बांधत, आपण मंगळाची पीडा टळावी म्हणून बोटात घालतो. वैद्य त्याचं प्रवाळभस्म करतात. आता नीट ऐका, इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पोवळं मुळात चुन्याच्या जातीचं द्रव्य आहे. ते आम्लाला मारतं, म्हणून आंबट ढेकर येणाऱ्याला त्याने पोटात बरं वाटू शकतं. हा रसायनाचा गुण, तो पोटात गेल्यावरचा. बोटात घातलेलं पोवळं पोटात जात नाही आणि मंगळापर्यंतही जात नाही. उलट तुमच्या घामातलं आम्ल आणि ताटातलं लिंबू त्यालाच खातं, म्हणून जुनी पोवळी निस्तेज होतात. अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळून बघा, बुडबुडे येतील. पोवळ्यावर पिळू नका, आजी मला घराबाहेर काढेल.

आता डोंगरावरून रानात येऊ, तिथला माल आपल्याला जास्त जवळचा. कुंपणावर चढलेली गुंज तुम्ही ओळखता. हिवाळ्यात शेंगा तडकतात, वळतात आणि लाल दाणे काळ्या टिकलीसकट शेंगेलाच लटकून राहतात. पाखरांना वाटतं गराचं फळ आहे. गर काही नसतो, पाखरू फसतं आणि दाणा दूर नेऊन टाकतं.

हा दाणा सोनाराच्या तराजूत बसला. आठ गुंजांचा एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. करा गुणाकार. 96 गुंजांचा तोळा. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, तेव्हा एक गुंज साधारण 0.12 ग्रॅमची. आपल्या खानदेशातल्या पाटणचे मानले जाणारे भास्कराचार्य, त्यांनी 1150 मध्ये लीलावती लिहिली, त्यात आरंभीच सोन्याच्या वजनांचं कोष्टक आहे आणि त्यात दोन जवांची एक गुंज धरली आहे. गुंजच का निवडली? तिची साल इतकी घट्ट असते की पावसाळ्यात ती पाणी ओढत नाही आणि उन्हाळ्यात सुकून हलकी होत नाही. पण सगळ्या गुंजा सारख्या वजनाच्या असतात हे खरं नाही. वेचून बघा, लहानमोठ्या निघतील. सोनाराची नजर सारखे दाणे निवडायची. रानाने दाणा दिला, त्याला माप केलं ते त्या नजरेने. पुढे 1956 मध्ये मेट्रिक वजनांचा कायदा झाला आणि ग्रॅम आला, तरी आजी अजून म्हणते, नथीला दोन गुंजा सोनं कमी पडलं.

याच गुंजेची माळ करून बाळाच्या मनगटाला किंवा पायाला बांधायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. काळी टिकली डोळ्यासारखी, म्हणून वाईट नजर तिच्यावर पडते आणि बाळ सुटतं, असं मानतात. समुद्रापार त्रिनिदादमध्येही अगदी हेच दाणे याच कारणाने पोरांना बांधतात. आणि पोरांनो, इथे मी हसणार नाही. गुंजेच्या आत अब्रिन नावाचं विष आहे. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे छोटे कारखाने असतात, अब्रिन ते एकामागून एक बंद पाडतं. मिलिग्रामचा अगदी थोडा अंशही माणसाला पुरतो. जुन्या काळी गुंज वाटून तिच्या सुया करून गुरांना टोचत, कातड्यासाठी चोरून मारायला. अखंड दाणा गिळला तर ती घट्ट साल बहुधा वाचवते, दाणा तसाच बाहेर पडतो. पण माळ करायला दाण्याला भोक पाडावं लागतं, आणि भोक पाडलं की सालीचं दार उघडलं. त्यावर चोखणारं, चावणारं बाळ म्हणजे सगळ्यांत मोठा धोका. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या एका नावाजलेल्या वनस्पती-उद्यानाने आपल्या दुकानात विकलेल्या गुंजेच्या बांगड्या लोकांकडून परत मागवल्या. तेव्हा गुंज बघावी, तोलावी, बाटलीत ठेवावी. भोक पाडू नये, पोराच्या अंगावर बांधू नये. कुणाच्या पोटात चावलेली गुंज गेली तर उलटीची, जुलाबाची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

मग बाळाला काय बांधत होते लोक? जे सापडेल ते. बजरबट्टू बांधत. तो एका ताडाच्या जातीच्या झाडाचा दाणा, काळाभोर, दगडासारखा कडक. ते झाड केरळ, कर्नाटक, लंकेत होतं. तीस ते ऐंशी वर्षं ते नुसतं वाढतं, मग आयुष्यात एकदाच फुलतं. डोक्यावर दोन माणसांच्याही वर जाणारा फुलोरा येतो, त्यात लाखो फुलं. झाडाने जन्मभर साठवलेलं सगळं त्यात ओतलेलं असतं. फळं पिकली की झाड मरतं. अशा झाडाचा दाणा बाळाच्या करगोट्यात कुणीतरी पहिल्यांदा ओवला, त्याला ही गोष्ट माहीत असेल का, मी पुष्कळदा विचार करतो. वाघनख बांधत, ते आता कुणी बांधू नये आणि घरात ठेवूही नये. 1972च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि वाघ मारल्याशिवाय नख मिळत नाही. काळे मणी घालून मनगट्या करत, त्या अजून करतो आपण.

इतकं सगळं का बांधत, हे समजून घ्या. जन्मलेलं मूल पाचव्या-सहाव्या दिवसानंतर एकाएकी दूध ओढेनासं व्हायचं, त्याचा जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं आणि ते जायचं. पाचवीच्या रात्री सटवाई येते, दिवा विझू देऊ नका, म्हणून घरं जागी राहायची. तो धनुर्वात होता. नाळ विळ्याने कापायचे, वर माती नाहीतर शेण लावायचे, त्यातून जंतू आत शिरायचे. आता गरोदर बाईला लस देतात आणि नाळ स्वच्छ पात्याने कापतात. तेवढ्याने 2015 मध्ये नवजात बाळांच्या धनुर्वाताचा भारतातून नायनाट झाल्याचं जाहीर झालं. ज्या आईने एकामागून एक लेकरं अशी जाताना पाहिली, तिने चौथ्याच्या कमरेला बजरबट्टू बांधला, तर तिला अडाणी म्हणायची माझी जीभ धजत नाही. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं. तुमच्या आईच्या हातात लसीचं कार्ड आहे.

लेकरांना माळा घालणं किती जुनं, ते ऐका. नेवाशाला प्रवरेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी सहकाऱ्यांबरोबर उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचं एक मूल पुरलेलं मिळालं, गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ. एवढ्या काळात धागा टिकायला नको, पण त्या मण्यांत धाग्याचा तुकडा टिकला होता, रेशीम आणि कापसाचा. असा धागा टिकतो तो तांब्यामुळेच. तांब्याच्या हिरव्या गंजाने कुजवणारे जंतू जवळ येत नाहीत. कुणी तरी ती माळ फार मायेने ओवली होती.

तांब्याचा हा गुण अंधश्रद्धा नाही. 2012 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी हगवणीचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलं आणि तपासलं, जंतू मेलेले होते. मग तांब्याच्या कड्याने सांधेदुखी जाते का? तेही लोकांनी तपासलं. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या संशोधकांनी संधिवाताच्या 70 रोग्यांना आलटूनपालटून तांब्याचं कडं आणि चुंबकाचे पट्टे घालायला दिले, आणि त्यांच्याबरोबर दिसायला तसेच पण गुण नसलेलेही. कोणत्या आठवड्यात काय घातलं त्याने दुखण्यात फरक पडला नाही. हे 2013 मध्ये छापून आलं. मनगटावर जो हिरवा डाग पडतो तो रोग बाहेर आल्याचा नाही, घामात विरघळलेल्या तांब्याचा. तेव्हा पाण्याची कळशी तांब्याची असू दे, आणि शेजारच्या काकांना कडं आवडत असेल तर घालू दे. फक्त त्यांची गोळी कड्यामुळे सुटू नये, एवढं बघा.

चांदीचंही असंच दुहेरी आहे. भाजल्यावर डॉक्टर पांढरं मलम लावतात, त्यात चांदीचं संयुग असतं, ते जखमेत जंतू वाढू देत नाही. पण बाळाचे वाळे काळे पडले म्हणजे दृष्ट वाळ्यांनी घेतली, असं आजी म्हणते, ते तपासू. थोरलीची पैंजणं आण. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक एका डब्यात ठेव, वर पैंजण ठेव, झाकण लाव. सकाळी पैंजण काळं झालेलं असेल. बलकात गंधक असतं आणि चांदीला गंधक लागलं की वर काळा थर चढतो. घामात गंधक असतं, चुलीच्या धुरातही असतं. आता ते स्वच्छ करू. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात गरम पाणी, दोन चमचे खायचा सोडा, त्यात पैंजण पातेल्याला टेकेल असं सोड. अ‍ॅल्युमिनियम गंधक स्वतःकडे ओढतं आणि चांदी पुन्हा चांदी होते. घासण्यापेक्षा हे बरं, कारण घासताना चांदी झिजते. इथे ती जागच्या जागी राहते.

तुळशीच्या माळेचं काय, हे कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. पंढरीच्या वारकऱ्याने माळ घातली की तो दारू सोडतो, मांस सोडतो, पहाटे उठतो. कितीतरी घरं त्यामुळे सावरली आहेत. तुळशीच्या लाकडात काही द्रव्य असेल, पण हे काम त्या द्रव्याचं नाही. चारचौघांत दिलेला शब्द गळ्याला सतत लागत राहतो, त्याचं ते काम आहे. हा गुण मला कुठल्याही खड्याच्या गुणापेक्षा पक्का वाटतो.

म्हसाच्या जत्रेत पौष पौर्णिमेला घोंगड्यांच्या आणि बैलांच्या बाजारात मण्यांची पालंही लागतात. ठाकर आणि कातकरी बाया तिथे रंगीत काचेचे मणी बघून निवडून घेतात आणि घरी ओवतात. पण तुम्हाला जत्रेपर्यंत थांबायला नको. ओढ्याच्या काठी, जिथे पाय रुततो, तिथे मक्यासारख्या पानांचं एक गवत वाढतं, कसई म्हणतात त्याला. त्याचा मणी दाणा नव्हे, दाण्यावरची ढाल आहे. देठाचं एक पान गोल वळून, कडक होऊन मणी बनतं आणि आत मादी फूल बसतं. नर फुलांचा देठ त्या मण्याच्या आरपार जाऊन वरच्या तोंडातून बाहेर डोकावतो. म्हणून पिकल्यावर मण्याला खाली-वर दोन्हीकडे वाट आपोआप असते. कुणी भोक पाडायला नको, सळई नको, धूळ नको. ईशान्येकडे नागालँड, मेघालयात याचीच मऊ टरफलाची जात पिकवून भातासारखी शिजवून खातात. बऱ्याच जागी दात येणाऱ्या बाळाला कसईची माळ चघळायला देत, तेवढं करू नका. दोरा तुटला तर मणी बाळाच्या घशात अडकतो.

पावसाळा संपताना मणी हिरवे असतात, तेव्हा तोडायचे नाहीत. दिवाळीच्या पुढेमागे ते पांढरे, राखी, काही निळसर-तपकिरी झाले आणि नखाने दाबून दबेनासे झाले की वेचायचे. दोन दिवस उन्हात ठेवा. मधला सुका देठ दाभणाने ढकलला की निघून येतो. सुईत दुहेरी दोरा घ्या, लहान मणी कडेला, मोठे मधे. रंग द्यायला जाऊ नका, त्यांची चकाकी वापरून वाढते. सगळेच मणी वेचू नका, निम्मे ओढ्यालाच राहू द्या, म्हणजे पुढल्या पावसात तिथे पुन्हा उगवतील.